रविवारी विळा चालत नाही

आज रविवार आहे. तारीख १९ सप्टेंबर, साल १८१९. दक्षिण इंग्लंडमधल्या विंचेस्टर गावात, कॅथीड्रलच्या आवारातल्या झाडांखाली तुम्ही उभे आहात. पायाखाली फरशीची वाट आहे. ऊन आहे, पण ते आपल्याकडच्या पौषातल्या सकाळच्या उन्हासारखं, मुद्दाम पुढे होऊन अंगावर घ्यावं असं. हवेला किंचित धार आहे. तुम्ही इथे कुणाला दिसत नाही; तेवढी सवलत या प्रवासात आहे.

मागच्या रस्त्याकडून एक तरुण येतो आहे. उंची पाच फुटांच्या जेमतेम वर. वय २३, पुढच्या महिन्याच्या ३१ तारखेला २४ पूर्ण होतील. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये शिकून, औषधं देण्याचा रीतसर परवाना हातात घेऊन त्याने तो धंदा सोडला आणि कविता धरली. त्याचं नाव जॉन कीट्स. जेवणाआधी तासभर फिरून यायचं हा त्याचा इथला नेम आहे. त्याच्या मागे चला. आज संध्याकाळपर्यंत त्याच्या हातून तेहेतीस ओळींची एक कविता होणार आहे, शरदावरची, 'टु ऑटम'. शाळेत आपण कवितेला एकच प्रश्न विचारायला शिकलो: अलंकार ओळखा. उत्तर बरोबर आलं की गुण मिळायचा आणि पान उलटायचं. आज पान उलटायचं नाही.

कॅथीड्रलच्या दर्शनी बाजूवरून तो पुढे जातो, डावीकडे एका दगडी कमानीखालून वळतो, गवत आणि झाडं असलेले दोन शांत चौक ओलांडतो, गावाच्या जुन्या वेशीतून बाहेर पडतो आणि कॉलेज स्ट्रीटला लागतो. याच गल्लीतल्या एका घरात दोन वर्षांपूर्वी, जुलै १८१७ मध्ये, जेन ऑस्टिन वारली. तिला मूठमाती मिळाली ती तुम्ही आत्ता मागे टाकलेल्या कॅथीड्रलमध्ये, आणि तिच्या शिळेवर ती कादंबऱ्या लिहायची याचा उल्लेखही नाही. गल्ली संपते, कुरणं सुरू होतात, मग बागांमधली एक अरुंद वाट, आणि समोर सेंट क्रॉसची धर्मशाळा, बाराव्या शतकातली. दारात येणाऱ्या वाटसरूला इथे पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर देतात. दोनशे वर्षांनंतरही देतात; तुम्ही तुमच्या काळात गेलात तरी मिळेल.

पलीकडे इचिन नदी. खाली बसा आणि पाण्यात हात घाला. खडूच्या दगडातून झिरपून आलेलं हे पाणी इतकं नितळ आहे की तळाचं शेवाळ प्रवाहाच्या दिशेने विंचरल्यासारखं दिसतं, आणि हात कोपरापर्यंत बुडाला तरी बोटांची नखं मोजता येतात. काठाने वाळुंजाची झाडं आहेत. त्यांच्याभोवती चिलटांचा एक थवा वाऱ्याबरोबर वर जातो, वारा पडला की खाली येतो. कीट्स थांबून तिकडे पाहतो. तुम्हीही नीट पाहून ठेवा. थोड्या वेळाने हीच चिलटं तुम्हाला पुन्हा भेटणार आहेत, आणि तेव्हा ती नुसती चिलटं नसतील.

त्याच्याबरोबर आणखी काय चाललं आहे तेही लक्षात घ्या, कारण ते दिसत नाही. धाकटा भाऊ टॉम मागच्या १ डिसेंबरला क्षयाने गेला, एकोणिसाव्या वर्षी. शेवटचे महिने त्याच्या उशाशी हाच बसलेला होता. आईही त्याच रोगाने गेली होती. मधला भाऊ जॉर्ज अमेरिकेत पैशाच्या अडचणीत सापडला आहे आणि त्याच्यासाठी काही तजवीज होते का पाहायला हा नुकताच लंडनला जाऊन आला. तिथे १३ तारखेला त्याने रस्ते माणसांनी फुललेले पाहिले: महिन्यापूर्वी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात मताधिकार मागायला जमलेल्या नि:शस्त्र जमावावर घोडेस्वार घातले गेले होते, त्या सभेचा पुढारी हेन्री हंट याचं लंडनकर स्वागत करत होते. मृत्यू, पैसा, राजकारण, सगळं या माणसाच्या खांद्यावर आहे. कवितेत यातलं एकही नाव येणार नाही.

आणि आता ज्यावरून कविता झाली ते रान. नदीकाठच्या ओल्या कुरणात धान्य पिकत नाही, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की त्याने पाहिलेलं शेत गावाच्या पूर्वेकडच्या सेंट जाइल्स टेकडीवरचं असावं. वाट कुठलीही असो, शेत कापून झालेलं होतं एवढं नक्की. दोन दिवसांनी रेनॉल्ड्स या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने ते स्वतःच सांगितलं आहे: वसंताच्या गारठलेल्या हिरवाईपेक्षा आपल्याला ही धसकटांची रानं जास्त आवडतात, काही चित्रं जशी पाहताना उबदार वाटतात तशी ती उबदार दिसतात, आणि रविवारच्या फेरीत हे इतकं मनात भरलं की त्यावर कविता झाली.

इथे जरा थांबा. धसकट म्हणजे काय ते ज्वारीच्या कापणीनंतर रानातून अनवाणी चाललेल्या माणसाला विचारा. पायाला टोचणारी, कोरडी, पीक गेल्याची खूण. सौंदर्याच्या यादीत ती कुणी घेत नाही. पण कीट्सच्या डोळ्याला त्या रंगात ऊब लागते. ऊब कळते ती कातडीला, आणि इथे ती डोळ्याला कळली. प्रतिमा जन्माला येते ती अशी, एका इंद्रियाचं काम दुसऱ्याने उचललं की. ती आधी होते आणि अलंकाराचं नाव नंतर मिळतं. आपण वर्गात हे उलट्या क्रमाने शिकलो, आणि माझ्या मते कविता न आवडण्याचं निम्मं कारण तिथेच आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शेतात माणूस नाही. आज रविवार, इथे रविवारी विळा चालत नाही. कापणारे घरी किंवा चर्चमध्ये आहेत. म्हणजे कवितेच्या मधल्या कडव्यात कापणी, उफणणी, सरवा वेचणं असं जे जे येतं, त्यातलं काहीही तो आज डोळ्यांनी बघत नाहीये. त्याच्यासमोर आहे फक्त कामानंतरची शांतता. मोकळं रान पाहून त्याने कविता तिथून सुरू केली नाही. तो काही आठवडे मागे गेला, फळं अजून झाडावर असतानाच्या दिवसांत, आणि तिथून हळूहळू या धसकटांपर्यंत चालत आला.

तुम्हीही मागे चला. पहिल्या कडव्यात शिरा.

इथे धुकं आहे, आणि लगेच जाणवतं ते वजन. सफरचंदाचं झाड शेवाळलेलं, फांदी वाकलेली. छपराच्या वळचणीला द्राक्षवेल. भोपळा फुगतो आहे, कवचात बदामासारखा गर भरतो आहे. ओळीओळीला येणारी क्रियापदं पाहा: लादणं, वाकवणं, भरणं, फुगवणं. डोळ्यांना इथे फारसं काम नाही. हाताच्या पंज्याला आहे. एक फळ तळहातावर घेऊन पाहा, ही ओळ तिथे कळेल. सूर्य आणि शरद हे दोघे जिवलग मित्र, एकमेकांशी काहीतरी संगनमत करणारे. संगनमत हा शब्द मँचेस्टरनंतरच्या त्या महिन्यात साधा नव्हता, असं काही समीक्षक म्हणतात, आणि सरकार जिकडेतिकडे कट शोधत असताना कवीने दोन मित्रांना फळं पिकवण्याचा कट करायला लावला, हे वाचन मला पटतं. पण त्यासाठी फळं विसरू नका.

मधमाशा पाहा. उशिराची फुलं इतकी येत राहतात की त्यांना वाटतं, हे उबेचे दिवस संपणारच नाहीत. पोळी आधीच ओथंबली आहेत. संपूर्ण कडव्यात चुकीची समजूत फक्त या माशांची आहे, आणि त्या समजुतीतच कवितेत पहिल्यांदा मृत्यूची चाहूल लागते. कवी ती दुरुस्त करत नाही. आणि हे सगळं कडवं व्याकरणाच्या हिशेबाने पुरं वाक्यच नाही. नुसती हाक आहे, लांबत गेलेली. मुख्य क्रियापद येतच नाही. भरणं चालू आहे तोवर पूर्णविरामाला जागा नाही.

दुसऱ्या कडव्यात शरद माणूस होतो. मराठी व्याकरणात याला चेतनगुणोक्ती म्हणतात, आणि नाव अचूक आहे. पण निर्जीवाला जीव दिला एवढं म्हणून भागत नाही. कोणता जीव दिला ते बघायचं. बालकवींच्या 'फुलराणी'त निसर्गात लग्न लागतं. तिथे वऱ्हाडाची लगबग आहे, लाज आहे, उत्सुकता आहे. इथला शरद काय करतो? खळ्यावर निवांत बसतो, उफणणीच्या वाऱ्याने त्याचे केस हलकेच उचलले जातात. अर्ध्या कापलेल्या तासात झोपतो. सायडरच्या घाण्याशी बसून शेवटचे थेंब पाझरताना तासन्‌तास पाहतो. हा कापणीवाला कापत नाही, उफणणारा उफणत नाही. रविवारच्या रिकाम्या रानात कवीने काम करणारा माणूस उभा केला असता तर ते खोटं झालं असतं. त्याने विसावलेला माणूस उभा केला.

आता अगदी जवळ जा, त्या झोपलेल्याजवळ. अफूच्या फुलांच्या दर्पाने त्याला गुंगी आली आहे. औषधांचा परवाना असलेल्या माणसाने लिहिलेलं हे फूल आहे. अफू दुखणं थांबवते ते कसं, हे त्याला पुस्तकातून आणि रुग्णांच्या खाटांशेजारी उभं राहून माहीत आहे. झोपलेल्याचा विळा हातात तसाच आहे. आणि त्या विळ्याने पुढची पात अजून घेतलेली नाही. तिथलं पीक, आणि त्या पिकात गुंफलेली फुलं, तेवढा वेळ वाचली आहेत. तुमच्या गुडघ्याला ती कणसं लागताहेत. युरोपच्या चित्रांत हातात विळा-कोयता असलेली आकृती म्हणजे काळ, मृत्यू. कीट्सने तीच आकृती घेतली आणि तिला झोप लावली. भावाच्या उशाशी बसलेल्या माणसाला याहून जास्त काय मागता येतं? मृत्यू टळणार नाही हे ठाऊक असताना त्याला एक डुलकी लागावी, एवढंच. ही प्रतिमा 'चेतनगुणोक्ती, गुण एक' या उत्तरात मावत नाही.

तिथून उठा, कारण ओढ्यावरून कुणीतरी येतंय. डोक्यावर ओझं आहे, पाऊल जपून पडतंय. ही सरवा वेचणारी. कापणी उरकल्यावर रानात पडलेली कणसं वेचून नेणं हा गावोगावच्या गरीब बायकामुलांचा रिवाज. १७८८ मध्ये इंग्लंडच्या एका न्यायालयाने निकाल दिला की तो कायद्याने हक्क ठरत नाही. कोठारं भरणारा शरद इथे सगळ्यांत गरीब बाईच्या रूपात दिसतो, आणि संपूर्ण कवितेतली एकमेव उपमा ही आहे. एरवी सगळीकडे थेट एकरूप करणारा कवी इथेच तेवढा 'सारखी' म्हणतो. इंग्रजी मूळ हाताशी असेल तर ती जागा काढून पाहा: सांभाळण्याचं क्रियापद ओळीच्या अगदी टोकाला येतं आणि तोल दाखवणारा शब्द पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. मधे वाचणाऱ्याला क्षणभर अधांतरी राहावं लागतं. ओढ्यातला दगड ते दगड असं ते पाऊल आहे. भाषांतर वाचताना नेमकी ही गोष्ट हातची जाते, म्हणून ते मूळ एकदा तरी तोंडाने वाचावं असा माझा आग्रह आहे.

कडवी अकरा ओळींची आहेत. त्याच वर्षी नाइटिंगेलवर आणि ग्रीक कलशावर लिहिताना त्याने दहा ओळींची कडवी बांधली होती. इथे एक ओळ जास्त. कडवं संपायला येतं, यमक जुळून दार बंद होतंय असं वाटतं, आणि आणखी एक ओळ येते. घाण्याखालच्या त्या शेवटच्या थेंबासारखी.

तिसरं कडवं उघडतं तेव्हा संध्याकाळ झालेली असते, आणि इथे तुमचे कान लागतात. वसंताची गाणी कुठे गेली, असा प्रश्न कवी दोनदा विचारतो आणि लगेच शरदाला सांगतो, त्याचा विचार नको, तुझं स्वतःचं संगीत आहे. मावळतीचे ढग दिवसाला फुलांचा रंग देतात आणि तो रंग धसकटांवर पडतो. दुपारी डोळ्याला लागलेली ती ऊब अशी अखेरीस जागेवर येऊन पोचली. नदीकाठच्या वाळुंजात चिलटं आहेत. दुपारी तुम्ही पाहिलात तोच थवा, वाऱ्याबरोबर वर-खाली. कवीने त्यांना शोक करणारा गायकवृंद केलं. पाहिलेली गोष्ट तसूभरही बदलली नाही. हेलकावा तोच, झाडं तीच. बदललं एवढंच की त्या वर-खाली होण्याला आता श्वास लागतो आणि सुटतो.

मग कोकरं ओरडतात, पुरती वाढलेली. पुरतं वाढलेलं कोकरू म्हणजे मेंढी, नाही का? पण कवी तिला मेंढी म्हणत नाही. वसंतात जन्मलेलं ते पिल्लू एका शब्दात अजून पिल्लू आहे आणि त्याला लागलेल्या विशेषणात त्याचं वय झालं आहे. सहा महिने दोन शब्दांत बसवायचे तर ते असे. ज्याचा एक एकोणीस वर्षांचा भाऊ गेला त्याने ते लिहिलं, हे मला दर वेळी आठवतं.

कुंपणात रातकिडे. बागेतून रॉबिनची शीळ. आणि आकाशात भिंगऱ्या जमू लागतात. या जागी कवीने केलेली एक दुरुस्ती पाहण्यासारखी आहे. कच्च्या खर्ड्यात त्याने 'जमलेल्या' अशा अर्थाचं रूप लिहिलं होतं. छापील पुस्तकात ते 'जमत असलेल्या' असं झालं. एवढासा प्रत्यय. पण जमून झालेला थवा निघणार हे ठरलेलं असतं, आणि जमत असलेल्या थव्यात अजून कुणीतरी यायचं बाकी असतं. विळा थांबवला होता तसंच त्याने हेही थांबवून धरलं.

भिंगऱ्या जातात कुठे, हा तेव्हा गावकऱ्यांसाठी निकालात निघालेला प्रश्न नव्हता. याच हॅम्पशर परगण्यात, सेलबोर्न गावी, गिल्बर्ट व्हाइट हा पाद्री आयुष्यभर त्यांची नोंद ठेवून गेला होता, आणि त्यातल्या काही हिवाळाभर इथेच कुठेतरी दडून झोपत असतील का, हा विचार त्याच्या मनातून कधी पुरता गेला नाही. १८१९च्या वाचकाला एवढं नक्की माहीत होतं की भिंगऱ्या जमल्या की काही दिवसांत आकाश रिकामं होतं. आज आपल्याला माहीत आहे की ब्रिटनमधल्या भिंगऱ्या आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातात. आणि त्याच जातीच्या, उत्तरेकडच्या प्रदेशातून निघालेल्या माळभिंगऱ्या त्याच सुमारास महाराष्ट्रात उतरतात. विंचेस्टरच्या माणसाला जी निरोपाची खूण, ती आपल्या माळरानावर पाहुणे आल्याची खूण आहे. आपला शरद पावसानंतरचा धुतलेला, कोजागिरीच्या चांदण्याचा. त्यांचा शरद म्हणजे उबेचे शेवटचे दिवस. कवितेतली प्रतिमा आपली हवा बरोबर घेऊन येते. म्हणून इंग्रजी कविता वाचताना शब्दकोशाइतकीच पंचांगाची गरज पडते, आणि तेही त्यांच्या पंचांगाची.

आता त्याच्यामागून गावात परत या. तो खोलीकडे वळला आहे, तुम्ही कॅथीड्रलच्या झाडांखाली पोचला आहात, अंधार पडतो आहे. त्याला काय माहीत नाही ते तुम्हाला माहीत आहे. येत्या ३ फेब्रुवारीला रात्री तो खोकेल, चादरीवर रक्ताचा थेंब पडेल, मेणबत्ती जवळ घेऊन तो त्याचा रंग पाहील आणि वैद्यक शिकलेला असल्यामुळे त्याला लगेच कळेल. त्या उन्हाळ्यात, १८२० मध्ये, ही कविता त्याच्या तिसऱ्या आणि शेवटच्या पुस्तकात छापली जाईल. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी रोममध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो जाईल. त्याला हाक मारून काही सांगता येणार नाही. तेवढी सवलत या प्रवासात नाही. पण आज त्याने लिहिलेल्या तेहेतीस ओळींत 'मी' हा शब्द एकदाही आलेला नाही, हे मात्र परत जाताना बरोबर न्या.

पावसाळा सरल्यावर गावाबाहेरच्या विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसलेल्या दिसल्या, की ही कविता काढा आणि तिची शेवटची ओळ मोठ्याने वाचा. तिच्यात उपमा नाही, रूपक नाही, चेतनगुणोक्ती नाही. आकाशात पक्षी किलबिलताहेत, एवढंच त्या ओळीत आहे.